गिळलेला खोकला

तिला सगळे खोकलाबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. आरोग्य केंद्रातर्फे घरोघर फिरून क्षयाचे रोगी हुडकायचे, हे तिचं काम. खांद्याला पिशवी, पिशवीत बेडका घ्यायच्या झाकणाच्या डब्या, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र, आणि दार उघडलं की ना नमस्कार ना चमत्कार, पहिला प्रश्न एकच, "खोकतंय का कुणी घरात?"

"अहो बाई, आधी बसा तरी म्हणू द्या," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "बसायला वेळ कुणाला आहे? जंतू बसून राहतात का?"

आणि कान! काय कान होते त्या बाईचे! विडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला, सर्दीचा घशातला खोकला, म्हाताऱ्याने घरात शिरताना 'मी आलोय' हे कळवायला काढलेला खोकला, उधारीचा विषय निघाला की माणसाला अचानक येणारा खोकला, सगळे तिला वेगवेगळे ऐकू यायचे. आणि त्या सगळ्यांतून 'तो' खोकला ती बरोबर वेचून काढायची. रस्त्याच्या पलीकडून, बंद खिडकीआडून, कुकरच्या शिट्टीतून. केंद्रातले डॉक्टर थट्टेने म्हणायचे, "बाईंनी आणलेली डबी तपासायची कशाला? सरळ गोळ्याच सुरू करू." अशा वेळी ती वरवर "काहीतरीच काय साहेब" म्हणायची, आणि घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं सगळ्यांना ऐकवायची.

सगळ्यांना म्हणजे घरात माणसं होती चार. ती स्वतः, तिचा नवरा, धाकटी जाऊ आणि जावेची शाळेत जाणारी मुलगी, चिमी. दीर लांब पल्ल्याच्या ट्रकवर, तो कधीतरी उगवायचा आणि कपडे धुऊन होईपर्यंत परत निघायचा. नवऱ्याने उभा जन्म बॉयलरच्या कारखान्यात काढला होता, त्यात त्याचे दोन्ही कान गेले. "आमच्या घरात एक ठार बहिरे आणि एक भिंतीपलीकडचं ऐकणाऱ्या," धाकटी हसून म्हणायची, "मधल्यामध्ये आम्ही मायलेकी." धाकटी कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भातही लावता येत नव्हता. खोकलाबाईने तिला हाताला धरून सगळं शिकवलं, वेळोवेळी रागावली, आजारपणात उशाशी बसली, आणि या सगळ्याच्या बदल्यात तिच्यावर मनसोक्त हुकूम गाजवला. धाकटी सगळ्याला "बरं ताई" म्हणायची. कधी उलटून बोलली नाही. एकदा जरी कडकडून भांडली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं.

आता त्या इस्त्रीवाल्याचं सांगायला हवं, कारण सुरुवात तिथून झाली.

गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. चांगलं चालायचं. एकदा संध्याकाळी दुकानासमोर गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि खोकलाबाई समोरच्या बाजूने चाललेली. तिचे कान टवकारले. तिथूनच, भर रस्त्यातून ती ओरडली, "अहो इस्त्रीवाले! थांबा! हा खोकला मला नाही आवडला. आधी डबी घ्या!"

तिचं बरोबर निघालं. त्याला क्षय होता. औषधं सुरू झाली, ती तिने डोळ्यांत तेल घालून त्याला पूर्ण करायला लावली, आणि माणूस ठणठणीत बरा झाला. पण कपड्यांवर तो तोंडाने पाण्याचा फवारा मारायचा, हे गिऱ्हाइकांना आठवलं. लोकांच्या अंगावर काटा आला. एकेक करून सगळी दुसरीकडे जायला लागली. माणूस बरा झाला आणि दुकान मेलं. शेवटी एका सकाळी तो शटर ओढून बायकामुलांसकट निघून गेला, कुठे ते कुणालाच कळलं नाही.

खोकलाबाई ही गोष्ट अभिमानाने सांगायची. माणूस वाचला ना! आणि वाचला होताच, त्यात काही खोटं नव्हतं. पण गल्लीने त्यातून भलताच धडा घेतला.

त्यानंतर खोकलाबाई गल्लीत शिरली की गल्ली चिडीचूप. दारं उघडायची, माणसं हसून बोलायची, "नाही हो बाई, आमच्याकडे कुणी नाही खोकत." आणि सगळ्यांच्या तोंडाला लवंगेचा वास. दाढेखाली लवंग धरली की ढास थोडा वेळ दबते, हे कुणीतरी कुणाला सांगितलं आणि मग ते घरोघर गेलं. ज्याला त्यानेही भागत नव्हतं तो तिची चाहूल लागली की मागच्या दाराने बाहेर पडायचा, किंवा नळ सोडून मोरीत जाऊन बसायचा. तिला वाटायचं, गल्लीतल्या सगळ्यांचे दात एकदम दुखायला लागले की काय! एकदा तर तिने केंद्रात सुचवलंही, की आमच्या भागात दातांचं एक शिबिर घ्या.

तिच्या पिशवीतल्या डब्या तशाच परत यायला लागल्या. दुसऱ्या कुणाला याची काळजी वाटली असती. तिची छाती फुगली. इतकी वर्षं घासून घासून आपण हा भाग स्वच्छ केला, आजार मुळापासून उपटला, असं ती मनापासून धरून चालली. आणि का धरू नये? तिचे कान तिला कधी खोटं बोलले नव्हते.

त्याच दिवसांत धाकटी वाळायला लागली.

आधी मनगटं बारीक झाली, मग गळ्याची हाडं दिसायला लागली. संध्याकाळी कारखान्यातून आली की डोळे तापलेले, अंगाला हात लावावा तर कोमट. खोकलाबाईच्या नजरेतून हे सुटलं नाही. ती काही आंधळी नव्हती. तिने धाकटीला समोर बसवून विचारलं, जसं ती सगळ्या जगाला विचारायची तसंच विचारलं, "खोकला आहे का?"

"नाही ताई."

"रात्री घाम?"

"उकडतंच किती."

"मग वाळलीस कशाने एवढी?"

"दाढ दुखते. जेवण जात नाही."

धाकटीच्या तोंडालाही लवंगेचा वास होता. आता सांगा, यापुढे कुणी काय ओळखायचं? पण दुसरी कुणी असती तर निदान संशय घेतला असता. खोकलाबाईला संशय घ्यायची गरजच वाटली नाही, कारण एका छपराखाली राहून धाकटीचा खोकला तिने एकदाही ऐकला नव्हता. तिला क्षय नाही, हे कानांनी सांगितलं होतं. मग राहिली ती दाढ.

ती धाकटीला हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने दिवा मारून आत पाहिलं. "कुठली दुखते?" धाकटी जरा थांबली. मग मागची एक दाढ बोटाने दाखवली.

"ही? ही तर बरी दिसतेय."

"फार दुखते," धाकटी म्हणाली.

खोकलाबाई शेजारी उभी राहून म्हणाली, "काढून टाका, डॉक्टर. त्या दाढेपायी बाई काडीसारखी झाली."

आणि धाकटीने ती काढू दिली. चांगली, धडधाकट दाढ. कापसाचा बोळा तोंडात धरून ती घरी चालत आली, खोकलाबाईने तिला पेज करून घातली आणि "आता बघ कशी भरतेस" म्हणाली. त्या बाईने आपल्या जावेवर किती माया केली होती! आणि ती माया कुठल्या कामाला आली, तर एक निरोगी दाढ उपटायला.

धाकटीने हे का केलं, ते पुढे चिमीकडून कळलं. कारखान्यात मुकादम खोकणाऱ्या बाईला उभ्या उभ्या घरी पाठवायचा, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. "मोठ्या आईच्या घरातच निघालं तर लोक तिच्या तोंडात शेण घालतील," असं तिने मुलीला सांगितलं होतं. इस्त्रीवाल्याचं झालं ते तिने पाहिलं होतं. खोकलाबाई घराघरांत जाऊन ज्याची लाज लोकांना वाटायला लावून आली, ती वस्तू तिच्याच घरात आहे हे धाकटीला तिला दाखवायचं नव्हतं. म्हणून ती नळ सोडून खोकायची. मिक्सर लावून खोकायची. कारखान्यात सगळी मशिनं धडधडत असताना टेबलाखाली वाकून खोकायची. थोरल्या दिरासमोर, म्हणजे खोकलाबाईच्या नवऱ्यासमोर, मात्र बिनधास्त खोकायची, कारण त्याला ऐकूच यायचं नाही. तो बिचारा पेपर वाचत बसलेला असायचा आणि ही त्याच्या पाठीशी भिंतीला धरून खोकत असायची.

अशात केंद्रात बैठक लागली. राजधानीतून एक मोठे साहेब आले होते. भिंतीवर त्यांनी एक चित्र लावलं, दोन उभे पट्टे, एक आखूड आणि एक उंच.

"हा आखूड आपला," साहेब म्हणाले. "हा उंच नदीपलीकडच्या देशाचा. आपल्याकडे क्षय झालेल्या दहांतले सहा जण आपल्याला सापडतात. पलीकडे दहांतले नऊ सापडतात."

खोकलाबाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती उभी राहिली. "साहेब, सापडले ते मोजता येतील. पण न सापडलेले मोजले कुणी? आणि ज्याने मोजले त्याला ते सापडलेच की!"

सगळे खो-खो हसले. साहेबही हसले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. काही वस्त्या निवडायच्या, तिथल्या लहानथोर प्रत्येकाला तपासायचं, त्यात किती निघतात ते पाहायचं, आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधायचा. मग केंद्रांवर औषध घेणारे किती ते बघायचं. मधला जो फरक, ती न सापडलेली माणसं. ती आहेत. चालतात, बोलतात, बसमध्ये आपल्या शेजारी बसतात.

"मग पलीकडे आजारच जास्त असेल," खोकलाबाई म्हणाली.

"आजार सारखाच. तीच हवा, तीच धूळ, तसलीच कोंदट घरं. मधे एक पूल आहे फक्त." साहेबांनी चष्मा काढला. "आणि तुमच्या भागात तर बाई, गेल्या वर्षापासून जवळजवळ कुणीच सापडलेलं नाही. म्हणजे काय समजायचं? आजार संपला?"

"हो," ती म्हणाली. "संपवला."

यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा परत लावला, आणि पलीकडचं काम बघायला जी मंडळी जाणार होती त्यांत तिचंही नाव घातलं.

निघायच्या दिवशी धाकटीने तिची बॅग भरली. "सावकाश या, ताई," ती म्हणाली. "इकडची काळजी करू नका." बोलताना मधेच थांबून तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. खोकलाबाईला वाटलं, रडू आलं. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वेडी कुठची. आठवड्यात येते की."

पलीकडचा देश म्हणजे काही स्वर्ग नव्हता. रस्त्यांना तेच खड्डे, दवाखान्याच्या भिंतींना तेच पोपडे. खोकलाबाईला बरं वाटलं. एका वस्तीच्या मैदानात निळ्या रंगाची गाडी उभी होती, गाडीत छातीचा फोटो काढायचं यंत्र, आणि बाहेर ही लांबलचक रांग. रांगेत शाळामास्तर, भाजीवाली, बसचा ड्रायव्हर, तिथला पुढारी, पुढाऱ्याची सासू. गप्पा चाललेल्या, एकमेकांची चेष्टा चाललेली. कुणाचा फोटो चांगला येणार, यावर हशा. मधूनच कुणीतरी मोकळेपणाने खोकायचं आणि शेजारच्याने नुसती मान वळवायची, बस्स.

तिथली नर्स चांगली घसघशीत बाई होती, बोलायला खोकलाबाईच्या वरताण. ती म्हणाली, "तुमची फार कीर्ती ऐकली हो. तुम्ही म्हणे कानाने ओळखता."

"ओळखते," खोकलाबाई म्हणाली. "या रांगेतलेही सांगते, हवं तर."

"सांगा बघू."

तिने कान लावून दोघांकडे बोट दाखवलं. संध्याकाळी फोटो बघितले तेव्हा त्यांतला एक खरा निघाला. आणि त्याशिवाय बसचा ड्रायव्हर निघाला, जो एकदाही खोकला नव्हता. रांगेत सगळ्यांत मोठ्याने हसणारा तोच होता.

"अहो, पण त्याला खोकला नाही!" खोकलाबाई म्हणाली.

"कित्येकांना नसतो. कित्येकांना असतो आणि ते सांगत नाहीत." नर्सने डब्यातून दोन घास तिच्या पुढे सरकवले. "म्हणून आम्ही खोकल्याचं नावच काढत नाही. सरसकट सगळ्यांचा फोटो. पुढाऱ्याचाही आणि त्याच्या गड्याचाही. मग कुणाला कुणापासून लपायचं? पूर्वी आम्हीही दारोदार विचारायचो, खोकतंय का कुणी. काय झालं माहितीये? लोक खोकला गिळायला लागले. आम्हाला बघितलं की नळ सोडायचे, लवंगा चघळायचे. आख्ख्या वस्तीला लवंगेचा वास यायचा, आणि आम्ही वर कळवायचो, की आजार कमी झाला."

नर्स हसत होती. खोकलाबाईचा घास तोंडातच राहिला. तिला गल्ली आठवली नाही, ते सगळे हसरे चेहरेही आठवले नाहीत. तिला कापसाचा बोळा तोंडात धरून आपल्या मागे चालणारी धाकटी आठवली.

"मला घरी जायचंय," ती उठून म्हणाली. "आत्ता."

पूल संध्याकाळी बंद व्हायचा. सकाळी उघडल्या उघडल्या पहिली ती निघाली. बाकीची मंडळी विचारत राहिली, काय झालं, काय झालं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस खोकला तर तिने कान दोन्ही हातांनी झाकून घेतले.

गल्लीत शिरताच कोपऱ्यावरची वाणीण पुढे आली. "बाई, बरं झालं आलात. तुमच्या जाऊबाई तुम्ही गेल्यापासून खोकतायत हो. आख्ख्या गल्लीला ऐकू येतंय. आम्ही म्हटलं, अहो दवाखान्यात चला, तर म्हणतात, ताई येईपर्यंतच आहे, मग थांबेल."

दार उघडंच होतं. धाकटी अंथरुणावर, उशाशी एक तसराळं, त्यावर फडकं, आणि फडक्यावर लाल डाग. चिमी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. खोकलाबाईचा नवरा दारातच गोंधळून उभा, ही खोकते हे त्याला आता डोळ्यांनी कळलं होतं. खोकलाबाईला पाहिल्याबरोबर धाकटीने रुमाल तोंडावर दाबला आणि उठून बसायला लागली.

"आलात, ताई? लवकर आलात. चहा टाकते."

"कधीपासून?" खोकलाबाई म्हणाली.

धाकटीने तसराळं मागे सरकवलं.

"अगं, कधीपासून?"

"तुम्ही नव्हतात ना," धाकटी म्हणाली, चोरी पकडल्यासारखी, "म्हणून जरा खोकून घेतलं."

आयुष्यात खोकलाबाईला इतकं कुणी मारलं नव्हतं.

केंद्राच्या मागे, उघड्यावर, बेडका द्यायची जागा होती. तिथे तिने आजवर कितीतरी जणांना उभं केलं होतं. आता धाकटीला धरून उभी राहिली, डबी स्वतः हातात धरली. "दीर्घ श्वास घे. आतून काढ. खोक." धाकटीने श्वास घेतला, चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि तिने सवयीने तो खोकला परत गिळला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. खोकलाबाई समोर असताना तिला आता खोकताच येत नव्हतं.

"खोक गं बाई," खोकलाबाई रडत म्हणाली. "माझ्यासमोर खोक. पाया पडते तुझ्या."

शेवटी ती भिंतीच्या आड गेली, तेव्हा कुठे डबी भरली.

फोटोत दोन्हीकडे पोकळ्या दिसल्या. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "चार-सहा महिने आधी आणायला हवं होतं. कुठे असतात या, लांब खेड्यात?"

"आमच्याच घरात होती की हो," खोकलाबाई म्हणाली.

चिमीचा फोटो काढला, नवऱ्याचा काढला, तिने स्वतःचाही काढून घेतला. तिघंही निभावले. चिमीला आजार होऊ नये म्हणून गोळ्या सुरू केल्या. दीर ट्रक वाटेतच दुसऱ्याच्या ताब्यात देऊन धावत आला आणि कुणावर ओरडावं ते न कळून भिंतीवर हात आपटत राहिला. साहेबांचा फोन आला. आवाजात शाबासकी होती. तुमच्या भागातून फार दिवसांनी एक रोगी सापडला, असंच सगळीकडे झालं तर आपला पट्टा पलीकडच्यांच्या जवळ जाईल, म्हणाले. कोण सापडलंय ते त्यांना ठाऊक नसावं. सापडली म्हणे! खोकलाबाईने त्यांना एवढंच सांगितलं, "साहेब, पलीकडची माणसं आपल्यापेक्षा हुशार नाहीत. त्यांना लपावं लागत नाही, इतकंच. मला ती गाडी द्या." साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

धाकटीला क्षयाच्या वॉर्डात ठेवलं. लांबट खोली, दोन्हीकडे उघड्या खिडक्या, मधे खाटा. खोकलाबाई रोज दुपारी डबा घेऊन जायची आणि तोंडाला मास्क लावून खाटेशी बसायची. धाकटी दोन शब्द बोलायची, हसल्यासारखं करायची. एकदाही खोकायची नाही.

वॉर्डातल्या आयाने एके दिवशी खोकलाबाईला बाहेर बोलावलं. "बाई, एक सांगू? रागावू नका. तुम्ही आत बसलात की ती आवंढे गिळत बसते, जीव कासावीस होतो तिचा. तुम्ही गेलात की मग दम लागेपर्यंत खोकते. छातीतलं बाहेर पडायला हवं ना?"

त्या दिवसापासून खोकलाबाई आत गेली नाही. डबा आयाच्या हाती द्यायची आणि व्हरांड्यात, वॉर्डाच्या खिडकीखालच्या बाकावर बसून राहायची, म्हणजे धाकटीला दिसणार नाही पण हिला ऐकू येईल. आतून खोकला यायचा. तो ओला, खोल, हाडं हलवणारा खोकला, जो ऐकला की पूर्वी ती पिशवी उघडायची. आता तो ऐकून तिला बरं वाटायचं. घरी येऊन ती नवऱ्याच्या कानाशी ओरडून सांगायची, "आज चांगली खोकली हो!" आणि तो मान डोलवायचा. एकदा आयाने विचारलं, "तुमचं काही सांगू का तिला?" तर म्हणाली, "नको. मी येत नाही असंच समजू दे. मोकळी राहू दे तिला."

असेच दिवस गेले. मग एका दुपारी ती बाकावर येऊन बसली आणि आतून आवाजच येईना. तिने कान लावला. खाटेची करकर, कुणाचं तरी बोलणं, दुसऱ्याच कुणाचा खोकला. धाकटीचा नाही. तिच्या मनात आलं, आपण इथे बसलोय हे तिला कळलं. आयाने सांगितलं असेल, नाहीतर सावली दिसली असेल खिडकीतून. आता बसली असेल बिचारी दाबून धरून.

ती चपला हातात घेऊन उठली. आवाज न करता व्हरांडा उतरली, आवार ओलांडलं आणि पार फाटकापाशी, चौकीदाराच्या खोलीमागे जाऊन बसली. इथून तिला काही ऐकू येणार नव्हतं आणि धाकटीला तिची चाहूल लागणार नव्हती. खोक बाई आता, ती मनात म्हणाली. पोटभर खोक. बराच वेळ ती तिथे बसली. चौकीदाराने पाणी विचारलं, नको म्हणाली.

ऊन उतरल्यावर आया धावत आवारातून येताना दिसली. इकडे बघ, तिकडे बघ करत. खोकलाबाईला पाहून ती थांबली.

"अहो बाई, कुठे होता तुम्ही? बाकावर बघितलं, सगळ्या व्हरांड्यात शोधलं."

"मी आहे हे तिला कळलं वाटतं," खोकलाबाई म्हणाली. "आवाज येईना. म्हणून म्हटलं, जरा लांब बसावं. खोकली का मग?"

आयाने मान हलवली. मास्क काढला, डोळे पुसले.

"खोकायला अंगात काही राहिलंच नव्हतं हो तिच्या. शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होती. 'ताई बाहेर बसल्यात, मला माहितीये, त्यांना आत बोलवा' म्हणत होती."